आफ्टरशेव्ह स्प्लॅश की बाम? दोन्ही लावा, पण क्रम सांभाळून

दाढी झाल्या झाल्या चेहरा सगळ्यांनाच छान वाटतो, गुळगुळीत, थंडगार, स्वच्छ. खरी परीक्षा वीस मिनिटांनी असते. शर्टाची कॉलर गळ्याला घासते तेव्हा, किंवा कुणाशी बोलता बोलता हसलो आणि ओठांच्या कडेची कातडी ओढल्यासारखी झाली तेव्हा. माझा सगळा त्रास त्या विसाव्या मिनिटाचा होता आणि मी कित्येक वर्षं त्याचं कारण भलतीकडेच शोधत होतो, ब्लेड बदलून बघ, रेझर बदल, फेस बदल, गरम पाण्याचा टॉवेल ठेव, सगळं करून झालं पण दाढीनंतर आपण काय लावतो याकडे कधी नीट बघितलंच नाही, कारण आफ्टरशेव्ह म्हणजे वास एवढीच समजूत होती.

गेले सात-आठ महिने मात्र हे नीट लावून धरलंय. एक दिवसाआड दाढी, सेफ्टी रेझर, तोच साबण, आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला दाढीनंतर लावायच्या दोन बाटल्यांची एक जोडी तर उजव्या बाजूला दुसरी. माझी त्वचा गालांवर कोरडी आहे आणि गळ्यावर फार हळवी, तेव्हा तेलकट त्वचेच्या लोकांनी पुढचं सगळं थोडं हात राखून घ्यावं.

निकाल आधीच सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांची सोय. एकाच बाटलीत सगळं मिळत नाही. दोन गोष्टी लागतात, पातळ ती (पाण्यासारखा स्प्लॅश वगैरे) आधी, दाट ती (क्रीमसारखा बाम) नंतर, दोन्ही चेहरा ओलसर असताना, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम मिनिटभर. यात सगळ्यात महत्त्वाचा भाग "ओलसर" हा आहे, ब्रँड त्यानंतर.

असं का, ते थोडं समजून घेतलं की बाटल्या निवडणं सोपं जातं. ब्लेड नुसते केस कापत नाही, त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थरही थोडा खरवडून नेतं. त्यात दाढीचा साबण अल्कधर्मी, पीएच साधारण ९ ते १०, आणि आपल्या त्वचेचा पीएच ५ च्या आसपास. म्हणजे वरचं झाकण पातळ झालेलं, त्यातलं तेल साबणाने धुऊन गेलेलं, आणि आतलं पाणी मोकळं सुटलेलं. ती जी ओढल्यासारखी भावना असते ना ती हेच पाणी उडून चाललेलं असतं. मग दाढीनंतर कामं तीन होतात, आग शांत करायची, पाणी धरून ठेवायचं, आणि त्यावर झाकण घालायचं. बहुतेक बाटल्या यातलं एक नाहीतर दीड काम करतात, आणि म्हणूनच जोडी लावावी लागते.

आता एकेक.

तुरटीपासून सुरुवात करतो कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीची वापरली जाणारी वस्तू आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सल्फेट, ती त्वचेवरचे प्रोटीन आकसवते त्यामुळे बारीक कापलेलं रक्त तिथल्या तिथे थांबतं. तिचा दुसरा उपयोग मला त्याहून जास्त आवडतो, ओल्या चेहऱ्यावरून खडा फिरवला की जिथे हात जड पडलाय तिथे बरोबर चुरचुरतं. माझ्या बाबतीत दर वेळी उजव्या जबड्याखाली, कानाच्या पाळीपासून तीन बोटं खाली, तिथेच. आरशात काही दिसत नाही पण तुरटी लगेच जागा दाखवते, आणि पुढच्या दाढीला तिथे हात हलका ठेवायचा हे आपोआप लक्षात राहतं. पण ती लावून तशीच ठेवायची नाही. अर्धा-एक मिनिट, मग गार पाण्याने धुऊन टाकायची. मी सुरुवातीला धूत नव्हतो आणि वरून बाम लावायचो, तर बाम आत जायच्या ऐवजी चेहऱ्यावर बसून राहायचा आणि खाली त्वचा पापडासारखी कडक. धुवायला लागलो तसा तोच बाम वेगळाच वाटायला लागला. आणि हो, जिथे रक्त आलंय तेवढ्यापुरतीच लावली तरी चालते, रोज अख्ख्या चेहऱ्यावरून फिरवायची काही गरज नाही, कोरड्या त्वचेवर तर नकोच.

विच हेझल. उत्तर अमेरिकेतलं झुडूप आहे हे, त्याच्या सालीपानांचा अर्क बाटलीत मिळतो. यात लोक एक फरक बघत नाहीत. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या साध्या विच हेझलच्या बाटलीवर बहुतेक वेळा १४ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, आणि त्या प्रक्रियेत झाडातले तुरट टॅनिन फारसे वर येतच नाहीत, म्हणजे जो आकुंचनाचा गुण सांगितला जातो त्यातला बराच भाग त्या अल्कोहोलचा असतो. दुसरा प्रकार बिनअल्कोहोलचा. थेयर्सचं टोनर यातलं प्रसिद्ध, कंपनी १८४७ ची, आणि त्यात विच हेझलबरोबर कोरफड आणि ग्लिसरीनही आहे. मला हाच प्रकार पटला. तळहातावर ओतलं की पाण्यासारखंच दिसतं पण दोन तळहात एकमेकांवर दाबून सोडवले की किंचित चिकट ओढ लागते, ती ग्लिसरीनची. तेवढीच हवी असते. कापसाने लावू नका, अर्धं कापूसच पितो आणि ताज्या दाढीवर कापूस घासणं म्हणजे परत खरवडणंच. हाताने थापटायचं.

आता स्प्लॅश, म्हणजे आपण ज्याला खरं आफ्टरशेव्ह म्हणतो ते. ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी १९३८ पासून आहे, अ‍ॅक्वा वेल्वा त्याच्याही आधीचं, १९१७ चं, म्हणजे आज जो वास नाकाला ओळखीचा वाटतो तो तीन-चार पिढ्यांचा आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात खरंच माया आहे. ढक्कन उघडल्यावर येणारा तो वास, तळहात चोळून गालावर मारलेली चापट, आणि मग सण्णकन उठणारी आग, हे सगळं मिळूनच दाढी पूर्ण झाल्यासारखी वाटते. मी ते सोडायला तयार नव्हतो आणि या सगळ्या खटाटोपाचं मूळही तेच आहे, स्प्लॅश ठेवून त्वचा सांभाळता येते का हे बघायचं होतं.

ती आग नेमकी काय असते हे कळल्यावर मला स्प्लॅशकडे बघायची वेगळी नजर मिळाली. आपल्या त्वचेत उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, ते एरवी ४२ अंशांच्या आसपास "भाजतंय" असा निरोप पाठवतं. अल्कोहोल लागलं की तो उंबरठा खाली येऊन ३४ अंशांच्या जवळ जातो, म्हणजे आपल्याच शरीराची ऊब त्याला भाजल्यासारखी वाटते. जखम झालेली नसते, जळलेलंही काही नसतं. उलट मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवतं, म्हणून गार वाटतं, पण त्वचेचं तापमान त्याने उतरत नाही. तेव्हा आग होते म्हणजे औषध लागू पडतंय असंही नाही आणि गार लागलं म्हणजे त्वचा शांत झाली असंही नाही, दोन्ही नुसते निरोप आहेत. हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण मी गार वाटतंय म्हणून बाम लावायचं टाळायचो, वाटायचं आता कशाला, छान तर वाटतंय. आणि विसाव्या मिनिटाला पुन्हा तेच.

स्प्लॅशचं खरं नुकसान आगीत नाहीये, ते उडून जाण्यात आहे. घटकांच्या यादीत पहिलंच नाव अल्कोहोलचं असेल तर ते उडताना चेहऱ्यावरची ओल घेऊन जातं आणि उरलेलं तेलही पुसतं. त्यावर उपाय म्हणजे ते उडून चेहरा खडखडीत व्हायच्या आत वरून बाम पडला पाहिजे. मी मोजून बघितलं, स्प्लॅश लावल्यावर ३० ते ४० सेकंदात आग ओसरते, त्या क्षणी बाम. पाच मिनिटं थांबून लावलेला बाम आणि लगेच लावलेला बाम यात अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट फरक होता की संध्याकाळी हात फिरवून डोळे मिटून सांगता येत होतं कुठली बाजू कुठली.

अजून एक, स्प्लॅश थेट ओतायचा नाही. तळहातात आधी थोडं पाणी, त्यात स्प्लॅशचे सहा-सात थेंब, मग लावायचं. वास थोडा हलका होतो, आग निम्मी होते, आणि ओल आपली आपण मिळते. ही एक गोष्ट तरी करून बघाच. प्रोरासो या कंपनीची हिरवी रेंज ज्यांना आवडते, निलगिरी आणि मेन्थॉलवाली, त्यांनी तर नक्कीच, कारण तो गारवा पाण्याबरोबरही पुरेसा येतो.

बाम हा या सगळ्याचा कणा आहे. माझ्याकडे सध्या निव्हिया मेन सेन्सिटिव्ह पोस्ट शेव्ह बाम आहे आणि मी तो तिसऱ्यांदा घेतलाय. त्यात दाहक अल्कोहोल नाही, पाण्याच्या लगेच पुढे ग्लिसरीन येतं, कॅमोमाइल आणि व्हिटॅमिन ई आहे. मध्यंतरी मेकअप करणाऱ्यांमध्ये हाच बाम फाउंडेशनच्या खाली प्रायमर म्हणून लावायची लाट आली होती, ती उगाच नव्हती, ग्लिसरीनमुळे वाळताना किंचित चिकट पडदा येतो आणि त्याला वरचा मेकअप धरून राहतो. तोच पडदा दाढी केलेल्या त्वचेला हवा असतो. प्रमाण मात्र सांभाळा. शेंगदाण्याएवढा घेतला की अख्खा चेहरा आणि गळा होतो. त्याहून जास्त घेतला तर चेहरा तासभर चिकट राहतो आणि मग लोक म्हणतात बाम चिकट असतो, मला चालत नाही. तो बोटांनी एका जागी थापायचा नाही, आधी दोन्ही तळहातांवर पसरवून घ्यायचा, तळहात पांढरट दिसले पाहिजेत, मग गालावर दाबायचे, चोळायचे नाहीत. पांढरेपणा विरघळून चेहऱ्यात जाताना दिसतो, आठ-दहा सेकंदांचं काम आहे, पण ते दाबणं आणि चोळणं यात लाल होणाऱ्या गळ्याला बराच फरक पडतो.

प्रोरासोचा पांढऱ्या रेंजमधला बाम पण वापरला, ग्रीन टी आणि ओटवाला. हलका आहे, पटकन जिरतो, तेलकट त्वचेच्या माणसाला मी हा आधी सुचवेन. माझ्या गालांना हिवाळ्यात तो एकटा पुरला नाही एवढंच.

हिवाळ्याचं वेगळं बोलायला लागेल. ग्लिसरीन पाणी धरतं, पण हवा अगदी कोरडी असली आणि वर झाकण नसलं तर धरलेलं पाणीही हळूहळू निघून जातं. मग बामच्या वर सिरॅमाइडवालं साधं बिनवासाचं लोशन. माझ्याकडे सेराव्हेचं आहे. सिरॅमाइड म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये जो गिलावा असतो त्यातलाच एक मुख्य घटक, दाढीत तोच विस्कटतो, म्हणून हे गणित मला सरळ वाटतं. आणि जिथे पापुद्रेच निघतायत, माझ्या बाबतीत हनुवटीच्या खोबणीत, तिथे रात्री तांदळाच्या दाण्याएवढं पेट्रोलियम जेली. पाणी उडणं थांबवण्यात तिची बरोबरी करणारं फार थोडं आहे, ९८ टक्क्यांपर्यंत ती रोखते. अख्ख्या चेहऱ्याला नको, चिकट होईल आणि ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांना जड जाईल.

आता ज्या जोड्या फसल्या त्या.

एक हायलुरॉनिक सीरम, म्हणजे त्वचेत ओल धरून ठेवणारं पातळ जेल, घेतलं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही, सीरम आणि वर बाम अशी जोडी. लावलं आणि दोन मिनिटांनी जबड्यावरून हात फिरवला तर खोडरबराच्या चुऱ्यासारखे बारीक गोळे निघायला लागले. काळ्या शर्टावर पडले, बाहेर निघायच्या वेळी. मला आधी वाटलं कातडीच निघतेय, घाबरलोच. मग कळलं की सीरमचा जेलसारखा पडदा वाळायच्या आत वर सिलिकॉनवालं काही चोळलं की दोन थर एकमेकांत न मिसळता वळून येतात. यावर इलाज दोनच, प्रत्येक थर अगदी पातळ, आणि दुसरा थर चोळायचा नाही, दाबायचा. तरीही गोळे आले तर ती जोडी जमत नाही असं समजून सोडून द्यायची, मी सोडली. पाण्यासारख्या विच हेझलवर बाम लावताना हे एकदाही झालं नाही.

दुसरी फसलेली जोडी वासाची. स्प्लॅश एका वासाचा, बाम दुसऱ्या वासाचा, वर लोशनचा तिसरा. दुपारपर्यंत डोकं भणभणलं. तेव्हा नियम सोपा ठेवा, वास एकाच बाटलीत, बाकी सगळं बिनवासाचं. हे फक्त नाकासाठी नाही, त्वचेला न मानवणाऱ्या गोष्टींमध्ये सुगंधी द्रव्यं बरीच वर असतात, यादीत लिनालूल, लिमोनीन अशी नावं दिसतील ती त्यातलीच, आणि ताज्या दाढीवर त्यांना आत जायला वाट मोकळी असते. नवीन काहीही आणलं की दोन-तीन दिवस हाताच्या आतल्या बाजूला कोपराजवळ लावून बघा, मग चेहऱ्यावर.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. गळ्यावर केस आत वळून पुटकुळ्या यायच्या म्हणून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं द्रावण दाढी झाल्या झाल्या लावलं. चार दिवस गळा लाल, कॉलर सहन होईना. अ‍ॅसिड वाईट नाही, मी ते अजूनही वापरतो, मेलेल्या पेशी सैल करून आत अडकलेल्या केसाला वाट देतं, पण दाढी नसेल त्या रात्री. रेटिनॉलचंही (त्वचेला लावायचा व्हिटॅमिन ए चा प्रकार) तसंच, दाढीच्या दिवशी सुट्टी. आणि पुटकुळ्या पिकत असतील, डाग पडत असतील तर बाटल्यांचा नाद सोडून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, तो विषयच वेगळा आहे.

लोक एक विचारतात की तळहातातच स्प्लॅश आणि बाम एकत्र कालवून लावलं तर? मी करून बघितलं, बरेच दिवस. चालतं, पण सगळ्यांचं नाही. ग्लिसरीन अल्कोहोलमध्ये छान विरघळतं त्यामुळे पातळ, पाणीदार बाम असेल तर एकजीव होतो आणि घाईच्या सकाळी फार सोयीचा पडतो. दाट, तेलाचा बाम असेल तर तो फाटतो, नासलेल्या दुधासारखा दिसतो, आणि चेहऱ्यावर कुठे जास्त कुठे कमी लागतो. मला स्वतःला वेगवेगळं लावणंच बरं वाटतं, मधली ती ३०-४० सेकंद रेझर धुवायला आणि ब्रश झटकून टांगायला बरोबर पुरतात. स्प्लॅशच्या बाटलीतच थोडं ग्लिसरीन घालून हलवून ठेवणारेही आहेत, तो प्रयोग मात्र मला खरंच आवडला, १०० मिलीला अर्धा चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. वासाला धक्का लागत नाही आणि तो ओढलेपणा जाणवण्याइतका कमी होतो. अर्थात याने बामची जागा भरून निघत नाही.

सकाळी दाढी करणाऱ्यांनी सगळ्यात शेवटी सनस्क्रीन, बाम पूर्ण जिरल्यावर. नुकत्याच खरवडलेल्या त्वचेला ऊन लवकर लागतं. यावर वाद नको.

तर माझा रोजचा क्रम आता असा बसलाय. शेवटचा फेस गार पाण्याने धुवायचा, कुठे कापलं असेल तर तुरटी आणि परत पाणी, टॉवेल फक्त एकदा टेकवायचा म्हणजे चेहरा ओलाच राहतो, त्यावर बिनअल्कोहोलचं विच हेझल, आणि लगेच शेंगदाण्याएवढा बाम. स्प्लॅश रोज नाही, आठवड्यातून दोनदा, त्या दिवशी विच हेझलच्या जागी पाण्यात मिसळलेला स्प्लॅश, आणि तो फक्त गालांवर. गळ्याला स्प्लॅश बंद म्हणजे बंद. गळ्याची कातडी पातळ, केस आडवे-तिडवे, त्यात दिवसभर कॉलरचं घासणं, तिथे दाढीनंतर बाम सोडून काहीच लावत नाही आणि गेल्या तीन महिन्यात एकदाही कॉलर बोचली नाहीये.

पैसे मोजून घ्यायची एकच वस्तू सांगा म्हणाल तर ग्लिसरीनवाला, बिनअल्कोहोलचा बाम घ्या, बाकीचं सावकाश जमवा. माझी बाटली तळाला आलीय, उलटी करून ठेवलीय, अजून तीन-चार दाढ्या निघतील. पुढची पण तीच आणणार, आणि बरोबर गळ्यासाठी एखादा पूर्ण बिनवासाचा बाम, तो डाव्या बाजूला लावून बघायचाय.